खड्ड्याआधीचा कागद

मे महिन्यात चुलबंद नदीच्या पात्रात उतरावं आणि कोरड्या रेतीत हातानं खळगा करावा. कोपरभर खाली गेलं की रेती गार लागते, मग ओली लागते आणि आणखी वीतभर खणलं की तळाशी पाणी जमू लागतं. पहिलं पाणी गढूळ असतं. ते ओंजळीनं उपसून टाकलं की दुसऱ्या खेपेला येणाऱ्या पाण्यात तळाचे कण वेगवेगळे मोजता येतात. हा झिरा. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात, सानगडीच्या आसपासच्या गावांत, झिऱ्याचं पाणी वाटीनं हंड्यात भरून डोक्यावर घरी आणलेल्या बाया अजून आहेत. नळ आले, बोअर झाले, पण पात्रात कुठे खणलं की पाणी लवकर लागतं हे त्यांना अजून डोळ्यांनी कळतं.

त्याच पात्रात ट्रॅक्टर उतरतो. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास रेती बसते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. रेतीच्या कणांमध्ये साधारण एक तृतीयांश जागा मोकळी असते, म्हणजे एका ब्रासमध्ये नऊशे लिटरच्या वर पाणी मावेल इतकी पोकळी. पंधरा लिटरचा हंडा धरला तर साठ हंडे. एक हेक्टर पात्र फक्त एक मीटर खोल उपसलं तर साडेतीन हजार ब्रास रेती निघते. हंड्यांचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

रेती गेली म्हणून पाणीही तेवढंच गेलं, असं सरळ गणित मात्र नाही. खड्ड्यातही पाणी साठतं. फरक असा की रेतीच्या आत मुरलेल्या पाण्याला ऊन लागत नाही, खड्ड्यातल्या पाण्याला लागतं. रेती पुराचा वेग मोडते आणि पाण्याला जमिनीत उतरायला उसंत देते. त्याहून मोठी गोष्ट नदीकाठच्या विहिरींची. पावसाळा सरला की विहिरीचं पाणी आणि नदीचं पात्र यांचं नातं उताराचं असतं, कारण जमिनीतलं पाणी नदीकडे झिरपत असतं. पात्राचा तळ दोन मीटर खाली गेला की तो उतार वाढतो आणि काठावरच्या शिवारातलं पाणी आधीपेक्षा लवकर नदीत निघून जातं. मग धानाच्या बांधीला शेवटचं पाणी द्यायच्या वेळी विहीर तळ दाखवते. शेतकरी म्हणतो पाऊस कमी झाला. कधी कधी पाऊस तेवढाच असतो, खाली गेलेला असतो तो नदीचा तळ.

आणि खड्डा पडल्या जागी थांबत नाही. वाहत्या पाण्याजवळ गाळ-रेती वाहून नेण्याची ताकद असते. वरून येणारी रेती खड्ड्यात अडकली की पुढे निघालेलं पाणी उपाशी असतं, ते काठ खरवडतं, तळ खरवडतं, पुलाच्या खांबांचा पाया उघडा पाडतं. खड्ड्याच्या वरच्या बाजूचा तळही ढासळत मागे सरकतो. एका गावच्या घाटावर उपसा होतो आणि दोन गावं पलीकडे काठाचं शेत नदीत जातं, ते यामुळे.

ही रेती कुणाची?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याचं उत्तर स्पष्ट देते. कुणाच्या मालकीचे नाहीत असे सारे रस्ते, नद्या, नाले, तलाव आणि त्यांचे तळ राज्य शासनाचे. जमिनीतल्या खनिजावरचा हक्कही शासनाचा. देशपातळीवरचा कायदा १९५७चा, खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम. त्यानं खनिजांचे दोन वर्ग पाडले. मँगनीज, लोह, कोळसा ही मोठी खनिजं आणि साधी रेती, मुरूम, बांधकामाचा दगड, साधी माती ही गौण खनिजं. गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. 'गौण' हा शब्द मला कायम खटकत आला आहे. जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन रेती-खडी वापरली जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. पाण्याच्या खालोखाल माणूस सर्वाधिक उपसतो तो हाच माल. कायद्यानं त्याला गौण म्हटलं आणि कितीतरी वर्षं त्याच्याकडे तसंच पाहिलं गेलं.

आपल्या भागात मात्र आणखी एक जुना कागद आहे आणि तो फार कमी जणांच्या हातात असतो. निस्तारपत्रक. भंडारा हा मध्य प्रांताचा मुलूख. इथं मालगुजारी होती. ती १९५१मध्ये संपली तेव्हा मालगुजाराच्या ताब्यातले तलाव, पडीक, झुडपी रान, नदीकाठ सरकारकडे आला. पण गावकऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वापराचे हक्क कुठे जाणार? ते निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रूढींच्या नोंदीत, लिहिले गेले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९६६च्या संहितेतही ही व्यवस्था टिकली. गुरं कुठे चारायची, जळाऊ लाकूड किती आणायचं, यांच्या जोडीला मुरूम, कंकर, रेती, माती, दगड गावातल्या माणसानं कोणत्या अटींवर न्यायचा, हेही निस्तारपत्रकात यावं असं संहिता सांगते. म्हणजे कायद्याच्या लेखी सानगडीच्या शिवारातली सरकारी जमीन निव्वळ सरकारची नाही. मालक सरकार, पण वहिवाट गावाची. आपल्या गावच्या निस्तारपत्रकाची प्रत काढून एकदा वाचावी. जुन्या मोडी वळणाच्या अक्षरात असली तरी गट नंबर लागतात. बैलांच्या पाण्याची जागा, मसणवट, खळ्याची जागा, मुरमाची खदान असं एकेक वाचताना कळतं की गाव एकेकाळी आपली जमीन किती बारकाईनं ओळखत होतं.

आता परवानगीकडे येऊ. खड्डा पडतो शेवटी, त्याच्या आधी कागदांची एक रांग असते. त्या रांगेचा इतिहास पाच हेक्टर या एका आकड्याभोवती फिरतो.

केंद्रानं १४ सप्टेंबर २००६ रोजी पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना काढली. खाणीला आधी पर्यावरण मंजुरी, मग काम, हे तत्त्व त्यात होतं. पण गौण खनिजाचा पट्टा पाच हेक्टरांपेक्षा लहान असेल तर मंजुरीची गरज नव्हती. पुढे काय होणार हे ओघानं आलंच. सलग नदीपात्राचे पाच हेक्टरांच्या आतले तुकडे पडू लागले. हरियाणातल्या अशाच लिलावांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात न्यायालयानं सांगितलं की पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यालाही, नूतनीकरणालासुद्धा, पर्यावरण मंजुरी लागेल. दहा तुकड्यांचा नदीवर होणारा परिणाम दहा वेगळ्या कागदांत बघितला तर दिसतच नाही, हा त्या निकालाचा गाभा. माझ्या मते या देशातल्या नद्यांसाठी गेल्या पंधरा वर्षांत एवढा उपयोगी निकाल दुसरा नाही.

लहान तुकड्याला सवलत देण्याचा हा मोह काही आपल्याच देशातला नाही. अमेरिकेत पश्चिमेकडच्या प्रचंड सार्वजनिक जमिनींवर खाणकाम चालतं ते १८७२च्या कायद्यानं. सापडेल त्यानं खुणा रोवाव्यात आणि हक्क सांगावा, असा तो सोन्याच्या शोधाच्या दिवसांतला कायदा. सोनं, चांदी, तांबं काढणाऱ्याला त्याखाली आजही केंद्र सरकारला स्वामित्वधन द्यावं लागत नाही. पण साधी रेती, दगड आणि खडी तिथल्या संसदेनं १९५५ साली त्या कायद्यातून बाहेर काढली, कारण या मालाच्या नावावर लोक सरकारी जमीनच अडवून बसत होते. आणि तिथेही पाचाचा आकडा भेटतो. तिथल्या भू-व्यवस्थापन खात्याच्या जमिनीवर पाच एकरांपर्यंतचं शोधकाम असेल तर पूर्ण आराखडा मंजूर करून घ्यावा लागत नाही, आगाऊ सूचना पुरते.

आपल्याकडे २०१२नंतर लहान पट्टेही मंजुरीच्या कक्षेत आले तेव्हा अर्जांचा ढीग झाला. म्हणून २००६च्या अधिसूचनेतल्या १५ जानेवारी २०१६च्या दुरुस्तीनं पाच हेक्टरांपर्यंतच्या घाटांचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राधिकरणाकडे दिला. लिलाव करणाराही जिल्हाधिकारी आणि नदीच्या बाजूनं पाहणाराही जिल्हाधिकारी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं सप्टेंबर २०१८मध्ये या व्यवस्थेवर बोट ठेवलं आणि लहान घाटही पुन्हा राज्यस्तरीय तज्ज्ञांच्या तपासणीखाली आले. त्या दुरुस्तीतली एक गोष्ट मात्र चांगली होती आणि ती राहिली, ती म्हणजे जवळजवळच्या घाटांची एकत्र गणना. एका पट्ट्याच्या हद्दीपासून ५०० मीटरच्या आत दुसरा असेल तर तो समूह धरायचा आणि क्षेत्र बेरजेनं मोजायचं.

दुसरी, त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जिल्हा सर्वेक्षण अहवाल. कुठल्या नदीत, कुठल्या गावाजवळ, किती लांबी-रुंदीच्या पट्ट्यात, किती रेती आहे, दर पावसाळ्यात किती नव्यानं येते आणि म्हणून किती काढता येईल, हे या अहवालात लिहायचं असतं. ज्या घाटाचं नाव त्यात नाही त्याचा लिलावच होऊ शकत नाही. अहवालाचा मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि जिल्हाधिकारी कार्यालयात एकवीस दिवस लोकांसाठी ठेवावा लागतो, त्यावर हरकती घेता येतात. दर पाच वर्षांनी तो नव्यानं करायचा. हे एकवीस दिवस कधी येतात आणि कधी जातात हे गावाला कळतच नाही. पुढे लिलाव होतो, ट्रॅक्टर येतात आणि मग रस्ता अडवायची वेळ येते. तेव्हा कंत्राटदार खिशातून मंजुरीचा कागद काढतो आणि अडवणारे गावकरीच बेकायदा ठरतात.

सर्वोच्च न्यायालयानं १० नोव्हेंबर २०२१ रोजी बिहारच्या एका प्रकरणात सांगितलं की हा अहवाल उपविभागीय समित्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायचा, त्यात पाटबंधारे, वन, भूशास्त्र, प्रदूषण नियंत्रण मंडळ यांची माणसं असायची. आणि ऑगस्ट २०२५मध्ये जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात न्यायालय त्याहून पुढे गेलं. नदीत रेती परत किती येते याचा अभ्यास नसलेला सर्वेक्षण अहवाल मंजुरीचा आधार होऊच शकत नाही.

इथं थोडं थांबायला हवं, कारण चुलबंदसाठी सगळं याच शब्दात आहे: परत येणं. शास्त्रीय भाषेत पुनर्भरण अभ्यास. काम तसं सोपं. पावसाळ्याआधी पात्राचे ठरलेल्या ठिकाणी आडवे छेद घ्यायचे, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत ठरावीक अंतरावर तळाची उंची मोजायची. पावसाळ्यानंतर त्याच ठिकाणी, त्याच रेषेत पुन्हा मोजायची. दोन्हींतला फरक म्हणजे नदीनं दिलेली नवी रेती. तिच्यापेक्षा जास्त काढली तर व्याज सोडून मुद्दल खाल्लं. आता नकाशा बघा. चुलबंद गोंदिया जिल्ह्यातून येते. तिथं वरच्या भागात तिच्यावर धरण आहे, ते आपल्या वाट्याची काही रेती अडवतं. साकोली तालुक्यातून वाहत ती लाखांदूर तालुक्यात वैनगंगेला मिळते, ते गोसेखुर्द धरणाच्या खाली. या धरणानं वैनगंगेची वरची रेती अडवलेली. म्हणजे धरणाखालच्या वैनगंगेला ताजी रेती पोचवायची ती चुलबंदसारख्या उपनद्यांनीच. नागपूरच्या बांधकामांना वैनगंगेच्या खोऱ्यातली रेती पसंत असते, आणि धरणानंतर तिच्यातली किती नव्यानं येते हे मोजल्याशिवाय एकही घाट मोकळा करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

अहवालानंतरची रांग अशी. राज्याच्या रेती धोरणांत लिलावाआधी ग्रामसभेची शिफारस घेण्याची अट वर्षानुवर्षं आलेली आहे. मग खाणकाम आराखडा, मग पर्यावरण मंजुरी. मंजुरीच्या पत्रात अटी असतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खोली तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, जे आधी लागेल तिथपर्यंत. काठालगतची पट्टी सोडायची. पूल आणि पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून ठरलेलं अंतर राखायचं. महाराष्ट्रात १० जून ते ३० सप्टेंबर उपसा बंद, आणि एरवीही सूर्यास्तानंतर बंद. हे पत्र गुप्त नसतं. ते केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर बघता येतं.

मोठ्या किंवा समूहात मोडणाऱ्या पट्ट्यांसाठी जनसुनावणी असते. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सुनावणीला जाऊन लोक हिरमुसले होऊन परत येतात ते बहुधा नियम माहीत नसल्यामुळे. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांहून कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी. तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते, त्यातलं एक वर्तमानपत्र मराठी. प्रकल्पाचा सारांश मराठीत ठेवावाच लागतो आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. उपस्थितीची किमान संख्या ठरलेली नाही, म्हणजे दोनच माणसं आली तरी सुनावणी पूर्ण. म्हणून बहिष्कार टाकून काही साधत नाही. शेवटी लोकांनी मांडलेले मुद्दे तिथंच मराठीत वाचून दाखवायचे असतात आणि मगच इतिवृत्तावर सही होते. आपला मुद्दा वाचला गेला नाही तर तिथल्या तिथं उभं राहून सांगायचं. तोंडी बोलण्यापेक्षा लेखी द्यावं, पोच घ्यावी. आणि 'आमचा विरोध आहे' एवढंच न लिहिता 'गट क्रमांक अमुकमधली नळयोजनेची विहीर घाटापासून इतक्या मीटरवर आहे आणि अहवालात तिचा उल्लेख नाही' असं लिहावं. पहिल्या वाक्याला अहवालात एक ओळ मिळते. दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं. मंजुरी मिळालीच तर तीस दिवसांत हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही.

रेतीबद्दल निदान आरडाओरडा होतो. मुरमाबद्दल तोही होत नाही.

सानगडीच्या किल्ल्याच्या उंचवट्यावरून पाहिलं की धानाच्या बांध्या, तलावांच्या पाळी आणि मधेमधे खुरट्या झाडोऱ्याची रानं असा आपला ओळखीचा मुलूख दिसतो. त्या खुरट्या रानाचं महसुली नाव झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतच हा प्रकार. सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' लिहिलेलं, महसूल खातं म्हणे ही आमची पडीक जमीन, वनखातं म्हणे हे वन. या ओढाताणीत शाळा, दवाखाने, वस्त्या उठल्या आणि मुरमाच्या खदानीही पडल्या. कारण झुडपी रानाला राखणदार नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ रोजी हा गुंता सोडवला. ८६ हजार हेक्टरांहून अधिक झुडपी जंगल हे त्याच न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या गोदावर्मन आदेशाप्रमाणे वनच आहे. त्या तारखेआधी सक्षम अधिकाऱ्यानं दिलेल्या जागा नियमित करायला वाट ठेवली, त्यानंतरच्या वाटपांचा खुलासा मागितला, आणि अतिक्रमणाची जबाबदारी उपविभागीय अधिकाऱ्यावर टाकली. याचा मुरमापुरता अर्थ सरळ आहे. ज्या गटाच्या सातबाऱ्यावर झुडपी जंगल आहे तिथं तहसीलचा गौण खनिज परवाना पुरत नाही, १९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. म्हणून खदान कुठे पडते आहे हे पाहण्याआधी त्या गटाचा सातबारा पाहावा. जमिनीचं नाव बदललं की परवानगीचं दार बदलतं.

रस्त्यांच्या कामांचीही एक मोठी पळवाट होती. २००६च्या अधिसूचनेतल्या मार्च २०२०च्या दुरुस्तीनं रस्ते, जलवाहिन्या अशा लांबलचक प्रकल्पांसाठी साधी माती खोदायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली होती, किती खोदायची आणि कुठून याला मर्यादा न घालता. ती सूट सर्वोच्च न्यायालयानं २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. साकोलीवरून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ जातो. त्याच्या भरावाला किती मुरूम लागला असेल याची कल्पना आजूबाजूच्या टेकड्यांच्या कापलेल्या कडा पाहून येते.

काही सवलती मात्र रास्त आहेत आणि त्या राहायला हव्यात. कुंभारानं हातानं घेतलेली माती, पुरानं शेतात टाकलेली रेती काढणारा शेतकरी, विहीर खोदणं, गावातल्या वापरापुरती रूढीनं घेतलेली माती-रेती, तलावाचा गाळ काढणं, यांना पर्यावरण मंजुरी लागत नाही. आपल्या तलावांच्या जिल्ह्यात शेवटची सवलत महत्त्वाची. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले हे मालगुजारी तलाव, आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो, गाळानं उथळ झालेत. गाळ शेतात गेलाच पाहिजे. पण तलावाच्या तळाशी चिकण मातीचा एक थर असतो, तोच पाणी धरून ठेवतो. गाळ काढता काढता यंत्राचा दात त्या थराखालच्या मुरमाला लागला की तलावाला भोक पडलं. पुढच्या वर्षी तलाव भरतो आणि पौषात रिकामा होतो. गाळ काळा आणि हाताला मऊ, मुरूम लालसर पिवळा आणि खरखरीत. पाळीवर उभ्या असलेल्या माणसाला ट्रॉलीत काय भरलं जातंय हे रंगावरून कळतं. रंग बदलला की काम थांबवायला सांगावं.

मोठ्या खाणींचं जग याच जिल्ह्यात, पण निराळं. भूशास्त्रज्ञांनी इथल्या प्राचीन खडकांच्या एका समूहाला साकोलीचंच नाव दिलं आहे. मँगनीज मात्र तुमसर तालुक्यात, सौसर समूहाच्या खडकांत. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं 'मॉइल' या सरकारी कंपनीच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या कोरड्या सेलमध्ये जातं. त्या खाणींना पट्टा, वनमान्यता, पर्यावरण मंजुरी, खाण बंद करतानाचा आराखडा, कामगार सुरक्षेची तपासणी असं सगळं लागतं. तपासायला माणसं येतात. व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूलाही तसंच. नवेगाव-नागझिरा २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम नको, हे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३मध्ये पुन्हा बजावलं. नियमांचं जाळं मोठ्या माशासाठी विणलेलं आहे, आणि सानगडीसारख्या गावाचं नुकसान बारक्या बारक्या खड्ड्यांनी होतं.

राज्यानं रेतीचं धोरण इतक्यांदा बदललं की घाटावरच्या माणसालाही चालू नियम कुठला ते विचारावं लागतं. एप्रिल २०२३मध्ये लिलाव बंद करून सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासनं रेती द्यायचं ठरलं. घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रास मोफत. हेतू चांगला होता. पण डेपोत रेती हवी तेव्हा नसे आणि गरज थांबत नसे. एप्रिल २०२५मध्ये लिलाव परत आले आणि दगड दळून केलेल्या कृत्रिम रेतीला प्रोत्साहन मिळालं. कृत्रिम रेती नदीचं ओझं हलकं करेल यात शंका नाही, पण ती दगडाच्या खाणीतून येते आणि तो डोंगरही कुठल्या तरी गावाचाच असतो.

या सगळ्यात घरकुलवाला सर्वाधिक अडकतो. हप्ता मिळालेला, पायाचं काम निघालेलं, मिस्त्री मिळालेला, आणि घाट मंजुरीसाठी अडलेला. तो रात्रीच्या ट्रॉलीला नाही म्हणू शकत नाही. त्याला चोर म्हणणं मला पटत नाही. ट्रॉली चालवणारा पोरगाही बहुतेक वेळा गावातलाच, हप्त्यावर ट्रॅक्टर घेतलेला. पकडला गेला तर मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि ट्रॅक्टर सोडवायचा तर २०१८च्या नियमाप्रमाणे आणखी एक लाख. उत्खनन यंत्राला तोच आकडा साडेसात लाख. यंत्र मात्र पात्रात दोन तासांत जेवढं काढतं तेवढं ट्रॅक्टर आठवड्यात नेत नाही. पाच ब्रास वेळेवर पोचवायची व्यवस्था सरकारनं नीट केली, तर रात्री पात्रात कोण उतरतं हे ओळखणं सोपं जाईल.

दिवसा भरलेल्या ट्रॉलीबरोबर वाहतूक परवाना असतो. आता तो राज्याच्या 'महाखनिज' प्रणालीतून निघतो. त्यावर घाटाचं नाव, गाडीचा क्रमांक, माल किती ब्रास, निघाल्याची वेळ आणि परवाना संपण्याची वेळ छापलेली असते. एकाच परवान्यावर तीन खेपा मारायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. ती उघडी पडते या वेळेच्या रकान्यात, कारण साकोलीपर्यंतचा प्रवास सकाळी सात ते दुपारी चार असा असू शकत नाही.

राहिला पात्राच्या मोजमापाचा प्रश्न. त्यासाठी यंत्रं लागतात असं समजू नये. गावाजवळच्या पुलाच्या कठड्यावर दर पाच पावलांवर रंगाची खूण करायची. सुतळीला दगड बांधून प्रत्येक खुणेवरून खाली सोडायचा, तळाला टेकला की सुतळीला गाठ मारायची आणि वर ओढून फुटपट्टीनं लांबी मोजायची. सातवी-आठवीच्या पोरांना हे एका सकाळचं काम आहे. मेअखेर एकदा, आणि दिवाळीच्या सुट्टीत पाणी ओसरलं की त्याच खुणांवरून दुसऱ्यांदा. दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहायचे, तारीख टाकायची, शिक्षकांची सही घ्यायची. पुढच्या वेळी सर्वेक्षण अहवालाचा मसुदा लागला की एकवीस दिवस संपण्याआधी त्या पानाची प्रत जोडून हरकत द्यायची, आणि वर फक्त एवढंच लिहायचं की तुमच्या अहवालातला या ठिकाणच्या तळाच्या उंचीतला फरक आणि आमच्या वहीतला फरक जुळतो का, ते कळवावं.